बीड जिल्ह्याची आकडेवारी हवी आहे? ती कुठे मिळते, कशी वाचायची आणि फॉरवर्ड करण्याआधी काय तपासायचं?

२०१९ साली बीड जिल्हा देशभरातल्या बातम्यांत होता. विषय होता ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा. त्या वेळी सोशल मीडियावर तीन आकडे फिरत होते.

पहिला आकडा ४,६०५. दुसरा १३,८६१. तिसरा ३६ टक्के.

तिन्ही बीडबद्दलच होते. मग खरा कोणता? लोक एकमेकांना खोटं ठरवत होते, पण गंमत अशी की तिन्ही आकड्यांना आपापला आधार होता. फक्त प्रत्येक आकडा वेगळी गोष्ट मोजत होता.

४,६०५ हा आकडा तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी जून २०१९ मध्ये विधान परिषदेत दिला. जिल्ह्यातल्या ९९ खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत झालेल्या शस्त्रक्रियांची ही संख्या होती. त्यात ऊसतोड करणाऱ्या आणि न करणाऱ्या, सगळ्याच महिला आल्या.

१३,८६१ हा आकडा सरकारी समितीच्या अहवालातला. त्यासाठी ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय कधी ना कधी काढलेलं आढळलं. म्हणजे इथे 'तीन वर्षांत' ही अट नव्हती. भागाकार केला तर हे प्रमाण सुमारे १७ टक्के येतं.

आणि ३६ टक्के? तो २०१८ च्या एका छोट्या पाहणीतून आला. त्यात सुमारे २०० महिला होत्या. याच ३६ टक्क्यांची तुलना महाराष्ट्राच्या २.६ टक्क्यांशी करून "राज्याच्या १४ पट" असे मथळे झाले.

आता हे कळल्यावर प्रश्न छोटा होतो का? अजिबात नाही. ८२ हजार महिलांमध्ये १७ टक्के हा आकडासुद्धा हादरवणाराच आहे. पण चुकीच्या ठिकाणी चुकीचा आकडा टाकला, की समोरच्याला "हे सगळंच खोटं" म्हणायची सोय होते. नुकसान होतं ते त्या महिलांचं.

म्हणून बीडच्या, किंवा तुमच्या कुठल्याही जिल्ह्याच्या, आकड्यासाठी चार प्रश्न विचारायचे. कोणी मोजलं? कोणाला मोजलं? कधी मोजलं? आणि तुलना कशाशी केली? हे चार प्रश्न हातात ठेवून आता आकडे नेमके कुठे मिळतात ते पाहू.

सुरुवात कुठून करायची? जनगणनेपासून

जिल्हा, तालुका, गाव अशा तिन्ही पातळ्यांवर एकाच पद्धतीने मोजलेली आकडेवारी हवी असेल, तर पहिला आधार जनगणनेचा. शेवटची जनगणना २०११ ची. त्यानुसार बीड जिल्ह्याची लोकसंख्या २५,८५,०४९ होती. त्यात पुरुष १३,४९,१०६ आणि महिला १२,३५,९४३. म्हणजे दर हजार पुरुषांमागे ९१६ महिला. साक्षरता ७६.९९ टक्के, तर राज्याची ८२.३४ टक्के.

हे सगळं जनगणना आयुक्तांच्या संकेतस्थळावर मोफत मिळतं. तिथे प्रत्येक जिल्ह्याची 'जिल्हा जनगणना पुस्तिका' असते. तिचे दोन भाग. पहिल्या भागात गावातल्या सोयी असतात: शाळा, दवाखाना, पाणी, रस्ता, बँक. दुसऱ्या भागात गावनिहाय लोकसंख्या, घरं, सहा वर्षांपर्यंतची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर आणि काम करणारे यांचे आकडे. बीडमधल्या तेराशेहून अधिक गावांची माहिती यात आहे. तुमचं गावही आहे.

पण शोधताना एक अडचण हमखास येते. इंग्रजीत 'बीड' टाइप केलं की आपण डबल ई लिहितो. २०११ च्या जनगणनेत मात्र जिल्ह्याचं नाव फक्त बी, आय, डी असं तीन अक्षरी आहे. माजलगाव तिथे 'मांजलेगाव' आणि अंबाजोगाई 'अंबेजोगाई' अशा स्पेलिंगने सापडतं. त्यामुळे नावापेक्षा कोड वापरा. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राचा कोड २७ आणि बीड जिल्ह्याचा ५२३. एकाच नावाची दोन-तीन गावं जिल्ह्यात असतील, तर गावाचा कोडही तपासा. नाहीतर दुसऱ्याच तालुक्यातल्या गावाचा आकडा आपल्या गावाच्या नावावर खपतो.

शेजारच्या जिल्ह्यांशी तुलना करत असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. २०११ च्या तक्त्यांत छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर ही नावं सापडणार नाहीत. तिथे औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर असंच शोधावं लागेल.

८०७ की ८०१? आणि हा आकडा नेमका कशाचा?

बीडचा सगळ्यात जास्त फिरणारा आकडा म्हणजे मुलींच्या प्रमाणाचा. २०११ मध्ये शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे बीडमध्ये ८०७ मुली होत्या. हे प्रमाण राज्यात सगळ्यात कमी होतं. दहा वर्षांपूर्वी, २००१ मध्ये, तेच ८९४ होतं.

काही पोस्टमध्ये ८०७ ऐवजी ८०१ दिसतं. तो आकडा बनावट नाही. जनगणना झाल्यावर आधी तात्पुरते आकडे जाहीर होतात आणि नंतर अंतिम. ८०१ तात्पुरता होता, ८०७ अंतिम. राज्याचंही तसंच: तात्पुरता ८८३, अंतिम ८९४. गोंधळ होतो तो तात्पुरता आणि अंतिम आकडा एकमेकांशी जोडल्यावर. तुलना करायचीच तर दोन्ही बाजूंना अंतिम आकडे घ्या.

दुसरा गोंधळ जास्त मोठा आहे. मुलींच्या प्रमाणाचे तीन वेगवेगळे आकडे असतात.

एक, सगळ्या वयांतल्या स्त्री-पुरुषांचं प्रमाण. बीडचं ९१६.

दोन, शून्य ते सहा वयोगटाचं प्रमाण. बीडचं ८०७.

तीन, जन्माच्या वेळचं प्रमाण, म्हणजे त्या वर्षी जन्मलेल्या मुला-मुलींचं. हा आकडा जन्मनोंदणी आणि आरोग्य विभागाच्या नोंदींतून दरवर्षी मिळतो.

"बीडमध्ये मुलींचं प्रमाण ८०७ वरून थेट नऊशेच्या पुढे गेलं" अशी पोस्ट दिसली, की आधी बघा, आधीचा आकडा दुसऱ्या प्रकारातला आणि नंतरचा तिसऱ्या प्रकारातला तर नाही ना? वेगळ्या मापाचे दोन आकडे शेजारी ठेवून सुधारणा सिद्ध होत नाही आणि घसरणही नाही.

या एका आकड्याने काय घडू शकतं, तेही पाहा. जानेवारी २०१५ मध्ये 'बेटी बचाओ, बेटी पढाओ' योजना सुरू झाली, तेव्हा जनगणनेतलं हेच प्रमाण बघून देशातले पहिले १०० जिल्हे निवडले गेले. त्यात महाराष्ट्रातले १० होते आणि बीड त्यातला एक. निधी कुठे जाणार हे आकड्यावरून ठरतं, म्हणून आकडा बरोबर असणं गरजेचं.

२०११ नंतर काय? ताजा आकडा कुठे मिळेल?

२०२१ ची जनगणना कोविडमुळे पुढे गेली. त्यामुळे "बीडची लोकसंख्या २०२५" असं सर्च केलं की जे आकडे येतात, ते बहुतेक कुठल्या तरी खासगी वेबसाइटने २०११ चा आकडा वाढीच्या दराने गुणून काढलेले असतात. केंद्र सरकारच्या तांत्रिक गटाने २०३६ पर्यंतचे लोकसंख्येचे अधिकृत अंदाज दिले आहेत, पण ते राज्यांसाठी. जिल्ह्याचा आकडा वापरायचाच असेल, तर सरळ '२०११ च्या जनगणनेनुसार' असं लिहा. जुना पण खरा आकडा, नव्या पण बनवलेल्या आकड्यापेक्षा बरा.

आरोग्य, बालविवाह, कुपोषण यांसाठी मात्र नंतरचा चांगला आधार आहे: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. त्याच्या पाचव्या फेरीची पाहणी महाराष्ट्रात २०१९ मध्ये झाली. प्रत्येक जिल्ह्याचं काही पानी पत्रक मिळतं आणि त्यात चौथ्या फेरीचे आकडेही शेजारी दिलेले असतात.

या पत्रकातला बीडचा एक आकडा सारखा वापरला जातो: ४३.७ टक्के. राज्याचा तोच आकडा २१.९ टक्के. हा बालविवाहाचा आहे. पण तो वाचायचा कसा?

अनेक जण लिहितात, "बीडमधल्या ४३.७ टक्के मुलींचं लग्न अठराच्या आत होतं." नेमकं वाक्य असं आहे: पाहणीच्या वेळी २० ते २४ वर्षांच्या असलेल्या महिलांपैकी ४३.७ टक्के महिलांचं लग्न वयाच्या अठराव्या वर्षाआधी झालं होतं. म्हणजे ही लग्नं पाहणीच्या काही वर्षं आधीची आहेत. यंदा किती बालविवाह झाले, हे त्यातून कळत नाही. पण बीडचा प्रश्न राज्याच्या दुप्पट आहे, हे नक्की कळतं.

हे सर्वेक्षण म्हणजे नमुना पाहणी. जिल्ह्यातल्या काही शे घरांवरून अख्ख्या जिल्ह्याचा अंदाज बांधलेला असतो. त्यामुळे एखाद-दोन टक्क्यांच्या फरकावरून "बीड सुधारलं" किंवा "बीड घसरलं" म्हणू नका. आणि या सर्वेक्षणात तालुक्याचा किंवा गावाचा आकडा नसतोच. कोणी "अमुक तालुक्यात इतके टक्के" असं लिहून खाली या सर्वेक्षणाचं नाव टाकलं असेल, तर ती पोस्ट तिथेच थांबवा.

'आमचा समाज इतके टक्के': हा आकडा येतो कुठून?

बीडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सगळ्यात जास्त भांडणं या आकड्यावरून होतात. निवडणूक असो, आरक्षण असो की एखादी गुन्ह्याची घटना, लगेच जातनिहाय टक्केवारीचा तक्ता फिरायला लागतो. प्रत्येक तक्त्यात बेरीज १०० होते. पण दोन तक्ते एकमेकांशी जुळत नाहीत.

कारण साधं आहे. २०११ च्या जनगणनेत जातीच्या नावाखाली फक्त अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती मोजल्या गेल्या. बीडमध्ये अनुसूचित जातींचं प्रमाण सुमारे १३.६ टक्के आणि अनुसूचित जमातींचं सुमारे १.३ टक्के. मराठा, वंजारी, धनगर, माळी, बंजारा यांची बीडमधली वेगळी संख्या या जनगणनेत नाही. सगळ्या जातींची मोजणी करून प्रसिद्ध झालेली देशव्यापी जनगणना १९३१ ची. २०११ मध्येच सामाजिक-आर्थिक आणि जात जनगणना झाली, पण तिच्यातले जातीचे आकडे जाहीर झाले नाहीत.

राज्य मागासवर्ग आयोगाने जानेवारी-फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वेक्षण केलं. त्यातून मराठा समाजाचं प्रमाण २८ टक्के असल्याचं पुढे आलं. पण हा आकडा पूर्ण राज्याचा आहे. तो उचलून बीडला लावता येत नाही.

मग स्थानिक समाजांबद्दल काहीच मिळत नाही का? मिळतं.

धर्मनिहाय लोकसंख्या जनगणनेच्या तक्त्यांत तालुका आणि शहरापर्यंत आहे.

मातृभाषेचा तक्ताही आहे. त्यात मराठी, उर्दू यांच्यासोबत लमाणी आणि बंजारी या बोली सांगणाऱ्यांची वेगळी संख्या मिळते. जनगणनेने या बोली हिंदी या गटाखाली धरल्या आहेत, त्यामुळे शोधताना तिथे बघा. पण मातृभाषा म्हणजे जात नव्हे. तांड्यावरच्या एखाद्या कुटुंबाने मातृभाषा मराठी सांगितली असेल, तर ते कुटुंब मराठीत मोजलं गेलं.

मतदानाचे आकडे निवडणूक आयोगाच्या 'फॉर्म २०' मध्ये मिळतात. कुठल्या बूथवर कोणाला किती मतं, हे त्यात असतं. २०२४ च्या लोकसभेला बीडची लढत अवघ्या ६,५५३ मतांनी ठरली. त्यानंतर बूथनिहाय आकड्यांवरून 'अमुक जातीने इतके टक्के मतदान केलं' अशा पोस्ट आल्या. पण फॉर्म २० मध्ये जात हा रकानाच नाही. बूथचा आकडा खरा असेल, पण त्यावर चिकटवलेली जात पोस्ट लिहिणाऱ्याची असते.

शंभर वर्षांपूर्वीचे आकडे आज कोणाच्या कामाचे?

बीडच्या बाबतीत जुने आकडे इतिहासापुरते राहिलेले नाहीत. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. त्यामुळे बीडच्या जुन्या नोंदी मुंबई इलाख्याच्या कागदांत सापडत नाहीत, त्या हैदराबादच्या जनगणनेत आणि गॅझेटिअरमध्ये बघाव्या लागतात. मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटिअरबाबत शासन निर्णय निघाला, तेव्हा हे कागद घराघरात चर्चेत आले.

इथे एक फरक समजून घ्या. गॅझेटिअर आणि जनगणना समाजाची एकूण संख्या सांगतात. त्यात तुमच्या आजोबांचं किंवा पणजोबांचं नाव नसतं. कुटुंबाची नोंद हवी असेल तर ती खासरा पाहणीपत्रक, जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा अशा कागदांत शोधावी लागते. एक आकडा समाजाचा, दुसरी नोंद माणसाची.

जुने तक्ते वाचताना नावं आणि हद्दीही बदललेल्या दिसतील. अंबाजोगाईचं जुनं नाव मोमिनाबाद. आज जिल्ह्यात ११ तालुके आहेत: बीड, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराई, माजलगाव, वडवणी, केज, धारूर, परळी आणि अंबाजोगाई. १९९१ च्या जनगणनेत यातले काही तालुके नव्हतेच. त्यामुळे "पाटोदा तालुक्याची लोकसंख्या घटली" असं म्हणण्याआधी, तालुक्याची गावंच दुसऱ्या तालुक्यात गेली का, ते बघा.

शेतकरी आत्महत्या: दोन सरकारी आकडे वेगळे का?

एक आकडा राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा, म्हणजे एनसीआरबीचा. तो पोलिसांच्या नोंदींवरून तयार होतो. मृत व्यक्तीचा व्यवसाय पोलिसांनी काय लिहिला, त्यावर तो ठरतो. त्यात शेतकरी आणि शेतमजूर दोघे येतात. २०२२ मध्ये देशात शेतीक्षेत्रातल्या ११,२९० आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यात ५,२०७ शेतकरी आणि ६,०८३ शेतमजूर होते. महाराष्ट्राचा एकूण आकडा ४,२४८.

दुसरा आकडा महसूल खात्याचा. तहसीलदार, जिल्हाधिकारी आणि विभागीय आयुक्त कार्यालय या वाटेने तो येतो. "मराठवाड्यात यंदा इतक्या आत्महत्या, त्यात बीडमध्ये इतक्या" अशा बातम्या याच आकड्यावर असतात. इथे मोजणीला मदतीची जोड आहे. मृत शेतकऱ्याच्या कुटुंबाला १ लाख रुपयांची मदत मिळते, पण त्यासाठी प्रकरण 'पात्र' ठरावं लागतं. नापिकी, बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज आणि वसुलीचा तगादा या बाबी जिल्हास्तरीय समिती तपासते. म्हणून या तक्त्यात तीन रकाने असतात: पात्र, अपात्र आणि चौकशीसाठी प्रलंबित.

आता पोस्ट लिहिणारा यातला कुठला रकाना उचलतो, त्यावर चित्र बदलतं. फक्त 'पात्र' घेतले तर आकडा लहान दिसतो. 'अपात्र' म्हणजे आत्महत्या झालीच नाही, असा अर्थ होत नाही. माणूस गेला हे खरंच असतं, फक्त ते प्रकरण मदतीच्या निकषात बसलं नाही. आकडा टाकताना एकूण किती आणि पात्र किती, दोन्ही लिहा.

ऊसतोड कामगार किती? आणि जनगणनेत ते कुठे मोजले जातात?

ऊसतोड कामगारांच्या संख्येबद्दल लाखांचे वेगवेगळे आकडे वाचायला मिळतात. त्यातला एक घोळ शब्दाचा आहे. मुकादम आणि कारखाने 'कोयते' मोजतात. एक कोयता म्हणजे साधारण नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस असेल तर 'अर्धा कोयता'. म्हणजे एक लाख कोयते म्हणजे दोन लाख मजूर. बातमीत कोयता आहे की मजूर, हे न बघता आकडा पुढे गेला की तो निम्मा तरी होतो किंवा दुप्पट तरी.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी दरम्यान झाली. हा ऐन गळीत हंगाम. दिवाळीच्या आसपास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. जनगणनेचा नियम असा होता, की मोजणीच्या पूर्ण काळात जो माणूस घरी नव्हता, त्याला घरी मोजायचं नाही. तो जिथे असेल तिथे मोजायचं.

म्हणजे धारूर किंवा वडवणीच्या डोंगरपट्ट्यातलं कुटुंब फेब्रुवारीत सांगली-कोल्हापूरकडे फडावर असेल, तर त्याची मोजणी तिथल्या खोपीवर व्हायला हवी. खोपीपर्यंत प्रगणक पोहोचला तर ते कुटुंब त्या जिल्ह्यात धरलं गेलं. नाही पोहोचला तर कुठेच नाही. गावात म्हातारी माणसं आणि मागे राहिलेली लेकरं तेवढी मोजली गेली. म्हणून ऊसतोडीच्या गावांचे २०११ चे आकडे वाचताना ही गोष्ट डोक्यात ठेवायलाच हवी.

गाव पातळीवर रोजच्या कामाचे आकडे

जनगणना दहा वर्षांनी होते. पण गावातले काही आकडे सतत बदलतात आणि ते मोबाइलवर बघता येतात.

• पाऊस: कृषी विभागाच्या 'महारेन' संकेतस्थळावर महसूल मंडळापर्यंत रोजचा पाऊस मिळतो. पीक विमा आणि नुकसानीच्या चर्चेत मंडळाचा आकडा महत्त्वाचा. जिल्ह्याची सरासरी चांगली असूनही तुमचं मंडळ कोरडं असू शकतं. "सरासरीच्या इतके टक्के" असं वाचलं, तर सरासरी पूर्ण वर्षाची आहे की जून ते सप्टेंबरची, हेही बघा.

• रोजगार हमी: मनरेगाच्या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत असं उतरत जा. जॉबकार्ड, कामं, हजेरीपट, खर्च हे सगळं पंचायतनिहाय मिळतं.

• ग्रामपंचायतीचा निधी: 'ई-ग्रामस्वराज' वर गावाचा विकास आराखडा आणि खर्च दिसतो.

• शाळा: 'यूडायस प्लस' वर शाळेचा ११ अंकी कोड टाकला की पट, शिक्षक, वर्गखोल्या, स्वच्छतागृह यांची माहिती मिळते.

• नळ: जलजीवन मिशनच्या फलकावर गावातल्या किती घरांना नळजोडणी आहे, ते कळतं. पण जोडणी म्हणजे नळ. पाणी किती दिवसांनी येतं, हा वेगळा प्रश्न.

• जिल्ह्याचं एकत्रित चित्र: राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाकडून 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' निघतं. पीक, सिंचन, पशुधन, बँका, दवाखाने, रस्ते असं बरंच तालुकानिहाय एकाच ठिकाणी मिळतं, तेही मराठीत. बीडमध्ये जिल्हा सांख्यिकी कार्यालय यावर काम करतं. राज्याशी तुलना हवी असेल तर दरवर्षी अर्थसंकल्पाआधी मांडली जाणारी 'महाराष्ट्राची आर्थिक पाहणी' बघा.

लहान गावाच्या टक्केवारीचा सापळा

समजा एखाद्या गावात सहा वर्षांपर्यंतचे ४० मुलगे आणि ३० मुली आहेत. प्रमाण निघतं ७५०. पुढच्या वर्षी ३५ मुलगे, ३५ मुली झाल्या तर प्रमाण थेट १०००. पाच-पाच लेकरांच्या फरकाने गाव 'बदनाम' आणि मग 'आदर्श' झालं. म्हणून गावाबद्दल लिहिताना टक्केवारी देऊ नका, सरळ संख्या द्या. टक्केवारी तालुक्यासाठी आणि जिल्ह्यासाठी ठेवा.

ऑनलाइन नसेल तर? माहितीचा अधिकार आहे

राज्य सरकारच्या कार्यालयांसाठी माहिती अधिकाराचा अर्ज ऑनलाइन करता येतो. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तींना माफ. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. उत्तर ३० दिवसांत मिळायला हवं. नाही मिळालं किंवा अपुरं मिळालं, तर पहिलं अपील करता येतं.

अर्ज लिहिताना "बालविवाह का वाढले?" असं विचारू नका. त्याला मत लागतं आणि माहिती अधिकारी मत द्यायला बांधील नाही. "१ एप्रिल २०२३ ते ३१ मार्च २०२४ या काळात केज तालुक्यात रोखलेल्या बालविवाहांची गावनिहाय संख्या द्यावी" असं विचारा. काळ, ठिकाण, काय मोजायचं, हे तिन्ही स्पष्ट असलं की उत्तर टाळणं अवघड होतं.

फॉरवर्ड करण्याआधी एक मिनिट

१. आकडा कोणाचा आहे, हे पोस्टमध्ये लिहिलंय का? 'सरकारी आकडेवारीनुसार' एवढंच असेल, तर तो आधार नव्हे.

२. वर्ष दिलंय का? नसेल तर तो २०११ चा असण्याची शक्यता मोठी.

३. टक्के कशाचे? सगळ्या लोकांचे, महिलांचे, २० ते २४ वयाच्या महिलांचे, की पाहणी केलेल्या २०० जणींचे?

४. तुलना सारख्याशी सारखी आहे का?

५. जात किंवा तालुक्याचा आकडा आहे, पण मूळ सर्वेक्षणात ती माहितीच नाही, असं तर नाही ना?

पाचपैकी दोन प्रश्नांची उत्तरं मिळत नसतील, तर पोस्ट पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्याला ग्रुपवरच शांतपणे विचारा, "भाऊ, हा आकडा कुठला?"

आणि आता पुढची मोजणी

नवी जनगणना येते आहे. लोकसंख्येची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये ठरली आहे आणि संदर्भ तारीख १ मार्च २०२७. या वेळी सगळ्यांची जातही नोंदवली जाणार आहे. म्हणजे ज्या टक्केवारीवरून आज भांडणं होतात, तिचा खरा आकडा यातूनच येणार.

पण फेब्रुवारी म्हणजे पुन्हा ऊसतोडीचा हंगाम. तुमच्या घरातलं, गल्लीतलं, तांड्यावरचं कोणी फडावर असेल, तर त्याला फोन करून एवढं सांगा: प्रगणक खोपीवर आला तर सगळ्यांची नावं सांग, लेकरांचीसुद्धा. आणि नाही आला तर मुकादमाला किंवा तिथल्या ग्रामपंचायतीत विचार. पुढची दहा वर्षं बीडच्या शाळा, दवाखाने आणि रेशन याच आकड्यावर मागावं लागणार आहे. त्यात आपली माणसं सुटली, तर नंतर कितीही शोधलं तरी ती तक्त्यात सापडणार नाहीत.